बाहेर मे, आत महाबळेश्वर

बीकेसीतलं एक ऑफिस. बाहेर घामाच्या धारा. आत अकाउंट्समधल्या बायका शाली गुंडाळून. रिमोट साहेबांकडे. साहेब सुटात.

दोष एकट्या साहेबांचा नाही. ऑफिस किती गार असावं, याचं गणित मांडलंय १९६० च्या दशकात, चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाला धरून. नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी हे २०१५ साली दाखवून दिलं. शाली अजून तिथेच आहेत.

२०२० पासून स्टारवाले एसी २४ अंशांवरच सुरू होतात. सरकारचा नियम. यंत्र बिचारं पाळतं. मग आपण सहादा बटण दाबतो.

एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं सरकारच सांगतं. पण १८ वर खोली लवकर गार होते ना? साध्या एसीत नाही हो. कॉम्प्रेसर तेवढ्याच जोरात चालतो, फक्त थांबायचं नाव घेत नाही.

आता काच. भरपूर उजेड हवा म्हणून पश्चिमेला काचेची भिंत. दुपारी ऊन डोळ्यांत, म्हणून पडदे. पडद्यांमुळे अंधार, म्हणून दिवे. काच तापतेच, म्हणून आणखी एसी.

लॉबीत ‘ग्रीन’चं प्रमाणपत्र. फ्रेम छान आहे.

आणि हवा? भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरून हवा आणतो, असं अजून कित्येकांना वाटतं. तो आतलीच हवा गार करून परत करतो. बंद मीटिंगरूममध्ये बारा जण दोन तास एकमेकांचे उच्छ्वास ओढत बसतात. बाहेर कार्बन डायऑक्साइड सव्वाचारशे पीपीएमच्या आसपास. आत तो हजार कधी ओलांडतो, कळतही नाही. डोकं जड, डोळे मिटलेले, तिसऱ्या स्लाइडला जांभई.

एचआरचा उपाय: मोटिव्हेशनल स्पीकर. त्याच खोलीत.

हार्वर्डच्या जोसेफ ॲलन आणि मंडळींनी २४ नोकरदारांना सहा दिवस वेगवेगळ्या हवेत कामाला बसवलं. ताजी हवा भरपूर सोडली, त्या दिवशी विचार-निर्णयाच्या चाचण्यांत नेहमीच्या ऑफिसच्या हवेपेक्षा सरासरी दुप्पट गुण. पगारवाढ न देता!

बाहेर बांधकामांची धूळ आहे, मान्य. पण ती गाळणारे फिल्टर बाजारात मिळतात. नवं ऑफिस घेताना तुम्ही कार्पेट एरिया, पार्किंग, लॉबीतला धबधबा, सगळं विचारता. माणशी ताजी हवा किती, हेही एकदा बिल्डरला विचारा.