पहिलं वाक्य

आमच्या तात्यांच्या कादंबरीला यंदा बारावं वर्ष लागलं. मूल असतं तर सहावीत असतं.

पोस्टातून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तात्या अप्पा बळवंत चौकातून चारशे पानी वही आणि शाईचं पेन घेऊन आले. पहिल्या पानावर ‘श्री’, दुसऱ्यावर कादंबरीचं नाव, तिसऱ्यावर अर्पणपत्रिका. एवढं एका बैठकीत झालं. (वेग म्हणावा तर हाच.) चौथ्या पानावर पहिलं वाक्य आलं: ‘पहाट झाली होती.’ मग ‘झाली होती’ की ‘होत होती’, यात दोन पावसाळे गेले. पुढे निब खरखरतं म्हणून पेन बदललं, पेन आवडलं तर खुर्ची टोचू लागली.

वर्षात साडेतीन मुहूर्त. तात्या त्यातला अर्धाही सोडत नाहीत. आंघोळ करून वहीला हळदकुंकू वाहतात, पहाटेवर काट मारतात आणि पुन्हा पहाटच लिहितात.

न राहवून मी एकदा त्यांना अँथनी ट्रोलपची गोष्ट सांगितली. “तात्या, तोही तुमच्यासारखा पोस्टातलाच. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ. दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. नोकरी सांभाळून लिहायचा. एकूण ४७ कादंबऱ्या झाल्या.”

तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, “घड्याळ कुठलं होतं रे?”

दुसऱ्या दिवशी टेबलावर गजराचं घड्याळ आलं. आठवड्यानं विचारलं, तर म्हणाले, “टिकटिक फार करतं. आणि मला सांग, २५० शब्द मोजायला जो वेळ लागायचा, तो तुझा ट्रोलप कशात धरायचा?” मला उत्तर सुचलं नाही. खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाशी हिशेबात वाद घालू नये.

वही मात्र रिकामी राहिलेली नाही. काकूंनी ती उलटी धरून मागून सुरू केली. दूध, इस्त्री, भिशी, ‘बाईचा खाडा’. रोज रात्री स्वयंपाकघर आवरलं की ओट्यापाशी उभ्यानंच चार ओळी, गॅसवाल्यानं टाकलेल्या बॉलपेननं.

परवा काकू पहाटेपाशी येऊन पोचल्या. पानावर थोडी जागा होती, तिथे त्यांनी ‘दूध दीड लिटर’ लिहिलं.

तात्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, “नवी वही आणली पाहिजे. येत्या पाडव्याला.”