मक्खन गाडीची परीक्षा

"गाडी एकदम मक्खन आहे, सर. एक रुपयाचं काम नाही. डिझेल टाका आणि पळवा."

सोलापूरच्या मे महिन्यात मक्खन किती वेळ टिकतं, हा साधा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. सात माणसं बसतील अशी उंचीपुरी गाडी, एकच मालक आणि तोही डॉक्टर! जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते. प्राध्यापक, शिंपी, चादरवाले बहुधा जन्मभर पायीच फिरतात. गाडीच्या कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण मला तिला नावं ठेवायची आहेत.

गाडी २०१० सालची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. डॉक्टरांनी गाडी विकली ती बरोबर पंधरावं संपायला दोन महिने असताना. पेशंट कधी दुसरीकडे पाठवायचा, हे डॉक्टरला कळतंच.

तर नवी पेठ ते विजापूर रस्त्यावरचं आरटीओ, हा तो प्रवास. लोक एवढ्या वेळात हैदराबादला पोचतात.

सोबतीला बायकोचे मामा होते. मामांची गाड्यांबद्दलची मतं १९९४ साली टाटा सुमो आली तेव्हा ठरली, ती अजून बदललेली नाहीत. सुमो हे नाव सुमंत मुळगावकरांच्या नावातून आलं, हे ते दर प्रवासात एकदा सांगतात. त्या सुमोत चौदा माणसं आणि एक शिलाई मशीन घालून ते तुळजापूरचा घाट चढले होते, हेही सांगतात. पहिल्या वेळी माणसं अकरा होती.

मामांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं. एका जागी पत्रा वाजला, दुसऱ्या जागी भिंत वाजली.

"जावईबापू, इथं पुट्टी भरलीय. टोपी चांगली बसली की ओ तुम्हाला!"

नवी पेठेतून चारचाकी बाहेर काढणं ही स्वतंत्र विद्या आहे. दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं, दुकानांपुढे दुचाक्या, दुचाक्यांपुढे हातगाड्या, आणि उरलेल्या जागेत एका चौकोनी कुटुंबाची लग्नाची खरेदी. इथे गाडीला दुसरा गिअर आहे की नाही, ते कळायची सोयच नाही. पहिला, क्लच, ब्रेक. पहिला, क्लच, ब्रेक. दहा मिनिटांत जळक्या रबरासारखा वास आला. कुणीतरी दुकानाबाहेर कचरा पेटवला असेल, असं मी म्हणालो. मामा म्हणाले, "क्लच प्लेट हाय ती."

मेकॅनिक चौकात गाडी बंद पडली. मुक्या जनावरालाही माहेर ओळखू येतं. शोधाशोध न करता एक मिस्त्री हजर झाला, बॉनेट उघडून कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि फॅमिली डॉक्टरच्या सुरात म्हणाला, "सर, नोझल काम मागतायत. बॅटरीचं टर्मिनल ढिलं हाय. क्लच बी संपत आलाय. बाकी गाडी चांगली हाय. फक्त चालवताना त्रास देती."

टर्मिनल आवळलं, गाडी सुरू झाली. सात रस्त्याला पुन्हा बंद पडली. सात रस्ते समोर आणि आम्हाला एकही मोकळा नाही! सातही बाजूंनी हॉर्न वाजत होते. आमचा तेवढा वाजत नव्हता. परीक्षेतला पहिला विषय तिथेच गेला.

मग पीयूसी. इथे सोलापूरचा एक मान सांगायला हवा. १ एप्रिल २०१० ला देशातल्या ज्या १३ शहरांत प्रदूषणाचा बीएस-४ हा नियम आधी लागू झाला, त्यांत दिल्ली, मुंबई, पुण्याच्या पंगतीत सोलापूरही होतं. त्यामुळे आमची गाडी बीएस-४. जुन्या डिझेल गाडीला धूर ६५ हार्ट्रिजपर्यंत (हे धूर मोजायचं माप) माफ, हिला ५० च्या आत राहणं भाग. पोराने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि म्हणाला, "दाबा सर, पूर्ण." मी दाबला. मागे वाळत घातलेल्या साडीचा रंग बदलला. आकडा ५० च्या बराच पुढे गेला. मामा पुटपुटले, "मान शहराचा, धूर आपला."

नोझल, क्लच, हॉर्न यांत चार दिवस आणि मुलाच्या क्लासची फी गेली. दुसऱ्या खेपेला धूर ४१ वर आला. एका आकड्यावर इतकं प्रेम मी दहावीच्या निकालानंतर प्रथमच केलं.

आरटीओच्या रांगेत असताना बर्मिंगहॅमहून भाच्याचा फोन आला. तो सांगत होता, तिकडे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. तपासणीची पद्धतच मुळी १९६० पासूनची. नुसता नंबर टाकला की गाडी कोणत्या साली कशात नापास झाली, टायर कधी झिजलं होतं, किती मैल झाले होते, ते कुणालाही घरबसल्या वाचता येतं. आपल्याकडे ट्रक-टॅक्सीला ठरावीक मुदतीने फिटनेस काढावा लागतो. पण खासगी गाडीला पीयूसी सोडलं तर १५ वर्षं कुणी पुस्तक उघडायला सांगत नाही. शाळेतल्या पोरांना ढकलगाडी निदान आठवीपर्यंतच होती.

निरीक्षकांनी आधी चासी नंबर जुळवला. मग दिवे, इंडिकेटर, वायपर. वायपर निम्म्या काचेपर्यंत गेला, थांबला आणि विचारात पडला.

"पाणी मारा."

पाणी मारलं ते काचेवर न पडता थेट मामांच्या धोतरावर पडलं. पुढे हँडब्रेक. तो ओढून गाडी उतारावर उभी केली, तर ती हळूहळू, कुणाला न दुखावता, मागे निघाली. वायपर आणि हँडब्रेक दुरुस्त करून उद्या आणा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. ब्रेक नसलेल्या गाडीला पास करणाऱ्या माणसाच्या शहरात मला तरी राहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. २०२२ च्या एप्रिलपर्यंत ६०० रुपये असलेली फी आता ५,००० आहे. पर्यावरण कर वेगळा. गाडीला २०३० पर्यंतचं आयुष्य मिळालं. माझ्या आयुष्यातलं किती गेलं, त्याची पावती मिळाली नाही.

तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो. आरसी बुकात मालकाच्या नावाआधी नोंदणी संपायची तारीख वाचा. विकणाऱ्याचा नव्हे, आपला मिस्त्री न्या आणि त्याला गाडीखाली झोपवा. दारावर टकटक करा. आणि रविवारी संध्याकाळी ती गाडी नवी पेठेतून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. क्लचचा वास आला नाही, सुई लालवर गेली नाही, तरच पैशांचं बोला. इतकी कडक परीक्षा बर्मिंगहॅमलाही होत नसेल.

मामा परवा तुळजापूरला जाऊन आले. एसटीने.