डिंकाची बातमी

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं आणि त्याच दिवशी दुपारी आपला सेन्सेक्स २,७०२ अंकांनी गडगडला. कीव्हमधली माणसं पोरंबाळं घेऊन मेट्रोच्या स्थानकात उतरली होती, तीही दिसत होती. पण टीव्हीच्या पडद्यावर खालून लाल बाण धावायला लागले की डोळा आपोआप खाली जातो. दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स १,३२८ अंकांनी वर आला. बाजार सावरला, बाजाराने सुटकेचा निःश्वास टाकला, असं सगळीकडे छापून आलं. खारकीव्हवर तेव्हा बॉम्ब पडतच होते, पण बाजाराची प्रकृती सुधारल्यामुळे घरात जरा बरं वाटलं.

त्यानंतर 'तुमच्या खिशावर काय परिणाम?' ही चौकट आली. युद्ध कुठलंही असो, ही चौकट तयारच असते. उपसंपादकाला फक्त देशाचं नाव बदलावं लागत असावं. त्या वेळी तिच्यात सूर्यफुलाचं तेल होतं, कारण आपल्याकडे येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा हिस्सा तेव्हा युक्रेनचा होता. चौकट आधी वाचून मग वरची बातमी वाचणारे खूप असतात, मीही त्यातलाच. यात लाज वाटण्यासारखं फारसं काही नाही. महिन्याचं तेल ज्याला भरायचं आहे त्याने तेलाचा भाव बघायचा नाही तर कुणी बघायचा? शिवाय भाव म्हणजे निव्वळ पैशाची गोष्ट नव्हे. सुदानसारखे देश रशिया-युक्रेनच्या गव्हावर जगत होते. तिथे गव्हाचा भाव चढणं म्हणजे सरळ भूक. फक्त त्या गव्हाची चौकट आपल्याकडे सहसा येत नाही. आपल्या पानावर भाव असतो तो आपला.

सुदानचंच घ्या. १५ एप्रिल २०२३ ला खार्टूममध्ये जनरल बुरहान यांचं लष्कर आणि हेमेती यांचं निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलं. सुरुवातीचे दिवस आपल्याकडे मोठ्या बातम्या आल्या. 'ऑपरेशन कावेरी'तून आपली माणसं परत आणायची होती ना! ती परतली आणि सुदान आतल्या पानावर, तिथून एका कॉलमात आणि मग कुठेच नाही, असा सरकत गेला.

जगभरच्या अर्थविषयक पानांना मात्र त्याच एप्रिलमध्ये सुदानमध्ये एक फार जिव्हाळ्याची वस्तू सापडली होती: डिंक. आपल्या बाभळीचं एक भावंड सुदानच्या कोर्दोफान-दारफूर पट्ट्यात वाढतं, तिथे त्याला हशाब म्हणतात. त्याच्या सालीला चीर पाडली की डिंक पाझरतो. तोच गम अरेबिक. जगातला बहुतेक माल सुदानचा. शीतपेयातला रंग, स्वाद आणि साखर एकमेकांना धरून राहतात ते त्याच्यामुळे. गोळ्या-चॉकलेटांवरचं चकचकीत आवरण त्याचंच. लढाई पेटताच बातमी आली, की मोठ्या कंपन्यांकडे तीन ते सहा महिने पुरेल एवढाच साठा आहे. धान्य किती दिवसांचं उरलंय, हे खार्टूमच्या एखाद्या घरात जाऊन इतक्या चोखपणे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

या डिंकाचा वशिला जुना आहे. १९९७ साली क्लिंटन सरकारने सुदानवर कडक निर्बंध घातले, तेव्हा व्यापाराचे सगळे दरवाजे बंद झाले, डिंकासाठी मात्र एक खिडकी उघडी राहिली. २००७ मध्ये दारफूरमधल्या हत्याकांडावरून पुन्हा निर्बंध कडक झाले, तेव्हा सुदानच्या राजदूताने वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर चक्क कोकची बाटली उंचावून दाखवली आणि डिंक बंद केला तर काय होईल ते सुचवलं. गृहस्थांची बरीच टिंगल झाली. त्यांच्या सरकारची बाजू घ्यावी असं काही नव्हतंच. पण पत्रकार कशाने मान वर करतात, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. दारफूरच्या मेलेल्या माणसांचे आकडे तोवर अनेकदा सांगून झाले होते.

आणखी एक गंमत छापखान्यातली. ऑफसेटच्या प्लेटवर कोऱ्या भागाला शाई चिकटू नये म्हणून जो 'गम' लावतात, तो हाच. म्हणजे पानावरची कोरी जागा कोरी ठेवण्याचं कामही सुदानचा डिंक करतो.

१ ऑगस्ट २०२४ ला दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचं तज्ज्ञांनी अधिकृतपणे सांगितलं. घर सोडून पळालेल्यांचा आकडा एक कोटीच्या पुढे गेला. एखाद्या देशात एवढी माणसं परागंदा झाल्याचं दुसरं उदाहरण २०२४ च्या अखेरीस जगात नव्हतं. या बातमीसोबत चौकट नव्हती. खिशावर काय परिणाम, तर काही नाही.

डिंकाचं मात्र पुढे काय झालं ते नीट छापून आलं आहे. हशाबचा बराचसा प्रदेश निमलष्करी दलाच्या ताब्यात गेला. ते वाटेत व्यापाऱ्यांकडून पैसे उकळतात, मग माल चाडसारख्या शेजारी देशांतून चोरवाटेने बाहेर पडतो आणि तिथलाच म्हणून विकला जातो. घेणाऱ्याने कागदपत्रं मागू नयेत, एवढंच पथ्य. शीतपेयांची टंचाई काही झाली नाही.