हळदीचे कट्टे कधी काढावेत : एक गंभीर मार्गदर्शिका

फ्रान्सात ऱ्होन नदीच्या काठी एर्मिताज नावाची टेकडी आहे. तिथल्या सिरा द्राक्षाच्या वाइनच्या बाटल्या लोक तळघरात आडव्या निजवतात आणि त्या दहाव्या वर्षी उघडाव्यात की विसाव्या, यावर खल करत बसतात. जवळा बाजारच्या माणसाला याचं नवल वाटू नये. आपल्याही माळवदाखाली सेलम हळदीचे कट्टे थप्पीला लागलेत आणि ते कधी काढायचे यावर घरात शिमग्यापासून तोंडं वाकडी आहेत. त्यांना बाटली उघडून प्यायची असते, आपल्याला कट्टा फोडून मोंढ्यात ओतायचा असतो, एवढंच. सबब हे मार्गदर्शन.

आधी माल ठेवण्याजोगा आहे का, ते पाहावं. शिजवून पंधरा दिवस ऊन खाल्लेली कांडी मोडली की खट्ट वाजते. वाजली नाही, नुसतीच वाकली, तर भावाची चर्चा तहकूब करून ती परत पटांगणात पसरावी. ओली हळद ठेवल्याने मुरत नाही, बुरशी धरते. गट्टू वेगळा ठेवावा. तो कांडीत मिसळून कोणी अजून श्रीमंत झालेला नाही, आडत्याचा हात थेट त्याच्यावरच पडतो.

जागेच्या बाबतीत सांगलीजवळच्या हरिपूरचा हेवा करावा. तिथे जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल पेवं असत. हळद भरून तोंड मातीने लिंपलं की वर्षानुवर्षं कीड नाही. पेव उघडल्यावर मात्र लगेच उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेते. वाइनवाले बाटली आधी उघडून ठेवतात आणि तिला श्वास घेऊ द्या म्हणतात. हरिपुरात श्वास खाली उतरणाऱ्या हमालाला हवा असे. 2005 च्या महापुराने त्यातली बरीच पेवं निकामी केली. आपल्याकडे पेव नाही, पत्र्याचं शेड आहे. मे महिन्यात त्यात हळद टिकते, माणूस टिकत नाही.

आता मुख्य प्रश्न. सल्ला कोणाचा घ्यावा? सगळ्यांचा घ्यावा, म्हणजे नंतर शिव्या वाटून देता येतात. वायद्याचा भाव मोबाइलवर बघावा, निजामाबादला फोन करणारा एक मेहुणा असावा. 2025 च्या जानेवारीत हळदीचं राष्ट्रीय मंडळही निजामाबादलाच बसलं, त्यामुळे मेहुण्याचा भाव आणखी वाढला आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर त्यांचे दोन पक्ष दिसतील. ज्यांना 2010 आठवतं ते क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढचा भाव सांगतात आणि थांबा म्हणतात. ज्यांना 2012 आठवतं, त्यांच्या डोळ्यांसमोर तीच हळद चार हजारांच्या आसपास आलेली असते. ते मार्चमध्येच गाडी भरतात. 2023 मध्ये मार्चात सहा-सात हजारांना गेलेला माल ऑगस्टात दुपटीच्या घरात पोचला आणि पहिला पक्ष वर्षभर पारावर ताठ बसला.

खरं तर पंचांग, वायदा, म्हातारे यांच्यातलं कोणीच तारीख ठरवत नाही. हळद निघते फेब्रुवारी-मार्चात, आणि बँकेचं नवं-जुनंही मार्चातच. आडत्याची उचल आधीच अंगावर असते. सगळ्यांना एकाच पंधरवड्यात पैसा लागतो, सगळ्यांच्या गाड्या एकाच रांगेत लागतात, आणि मग आवक वाढली म्हणून भाव पडला, असं आपल्यालाच समजावून सांगितलं जातं. एर्मिताजच्या बाटलीवर उचल घेतलेली नसते. वीस वर्षांचा संयम असा येतो.

निवाडा असा : उचल नसेल तर निम्मा माल मार्चात काढा, निम्मा पावसाळ्यापर्यंत ठेवा. पोरीचं लग्न असेल तर सगळा काढा आणि पुढे भाव विचारू नका. अगदीच हात अडला असेल तर बाजार समितीत तारण ठेवा. मालाच्या किमतीच्या 75 टक्के रक्कम 6 टक्के व्याजाने मिळते, मुदत 180 दिवस. पावतीवरची तारीख आज रात्रीच वाचून ठेवा. ती उलटली की व्याज 8 टक्के होतं आणि वर्ष उलटलं की 12.