व्ह्यूवाली खोली

सुट्टीसाठी हॉटेल ठरवताना आपण हल्ली पहिला प्रश्न एकच विचारतो: ‘व्ह्यू आहे का?’ महाबळेश्वर असो, दिवेआगर असो की मनाली, भाडं, नाश्ता, गरम पाणी किती वाजेपर्यंत आणि गाडी कुठे लावायची हे सगळं त्यानंतर. पलंगावर पडल्यापडल्या दरी दिसली पाहिजे, ही आपली किमान अपेक्षा. या एका साध्या अपेक्षेने सह्याद्रीच्या माथ्यावर जे घडवून आणलं, ते कोणत्याही विकास आराखड्याला जमलं नसतं. हा प्रश्न विचारणाऱ्या नागरिकांचे आभार अजून कोणी जाहीरपणे मानलेले नाहीत. ते काम कोणीतरी करायलाच हवं.

पूर्वीची रीत आठवून पाहा. मुक्काम बाजारपेठेतल्या लॉजवर, जेवण खानावळीत, आणि दरी बघायला संध्याकाळी पायी पॉईंटवर. तिथल्या कठड्याशी मुंबईचा डॉक्टर, एसटीने आलेली सांगलीची शाळेची सहल आणि चणे विकणारा पोरगा एकाच रांगेत उभे. तिघांना दरी सारखीच दिसायची, आणि वर फुकट दिसायची. एवढी मोलाची वस्तू कोणाच्याच मालकीची नसावी, अंधार पडला की सगळ्यांनी तिला तशीच टाकून परत फिरावं, ही अव्यवस्था किती दिवस चालवून घ्यायची? व्ह्यूवाल्या खोलीने ती संपवली. आता दरीचे रीतसर भाग पडले आहेत: डीलक्स, सुपर डीलक्स आणि व्हॅली फेसिंग. ज्याला जेवढी परवडते तेवढी दरी मिळते, आणि चणेवाल्या पोरालाही आता दरी बघण्यात वेळ घालवावा लागत नाही.

शिवाय व्ह्यूवाल्या खोलीत वाढीची उपजत ओढ असते. दरीकाठी पहिलं हॉटेल उभं राहिलं की मागच्या हॉटेलचा व्ह्यू जातो. मागचा मालक हातावर हात ठेवून बसत नाही. तो दोन मजले चढवतो, नाहीतर पुढे जाऊन उतारावरच कॉलम उभे करतो. मग तिसरा त्याच्याही पुढे सरकतो. अशा निकोप स्पर्धेतून शेवटी एखादी गॅलरी दरीच्या ऐन तोंडावर लटकते. पलीकडच्या डोंगरावरचे पाहुणे सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर येतात, तेव्हा त्यांनाही नुसत्या हिरव्या रंगाकडे बघत बसावं लागत नाही. समोर निळे पत्रे असतात, काळ्या टाक्या असतात, रात्री रंग बदलणारे दिवे असतात. दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांचा व्ह्यू होतात. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

ग्राहकाचा शब्द इथे किती मानला जातो, हे बुकिंगच्या फोनवर कळतं. ‘साहेब, व्ह्यूची काळजीच करू नका. मधे एक जांभळाचं झाड येत होतं, ते पावसाळ्याआधीच काढून टाकलं.’ हे सांगताना मालकाच्या आवाजात जो आपलेपणा असतो, तो शहरातल्या कुठल्याही खिडकीवर ऐकायला मिळत नाही. आपण दोन रात्री राहणार, आणि त्या दोन रात्रींसाठी एका माणसाने शे-दीडशे पावसाळे पाहिलेलं झाड बाजूला केलं. अशा आतिथ्यापुढे आपण फक्त ॲडव्हान्स भरू शकतो.

कायद्याच्या बाबतीतही डोंगरावरच्या हॉटेलांनी उच्च परंपरा निर्माण केली आहे. केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, २००३ मध्ये माथेरान. झाडतोड, तीव्र उतारावरचं बांधकाम, भूजलाचा उपसा, सगळ्यावर बंधनं आली. अशा वेळी कायद्याचं मन न दुखवता काम कसं करावं, हे शिकण्यासारखं आहे. सातबाऱ्यावर शेती असते, परवानगी शेतघराची असते, पाटीवर होमस्टे लिहिलेलं असतं आणि आत बावीस खोल्या आणि लग्नाचा हॉल असतो. कागदाला जे हवं ते कागदावर, पाहुण्याला जे हवं ते जमिनीवर. मग कधीतरी नोटीस येते, पंचनामा होतो, सील लागतं, स्थगिती मिळते, सील निघतं आणि बांधकाम नियमित करून घेण्याचा अर्ज जातो. एवढ्या दीर्घ प्रक्रियेत धंदा मोडू नये म्हणून खोल्या भरत्या ठेवणं आवश्यक असतं. ही जबाबदारी आपण नागरिकांनी एकाही मे महिन्यात टाळलेली नाही.

राज्यकर्त्यांचा संयमही आपल्या संयमाला शोभेसाच. माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटावरचा अहवाल २०११ मध्ये दिला. तो फार कडक वाटला म्हणून कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये दुसरा, सौम्य अहवाल दिला. त्यावरच्या अधिसूचनेचा मसुदा २०१४ मध्ये निघाला, मुदत संपली, पुन्हा निघाला, पुन्हा संपली. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. वायनाडमध्ये डोंगर गावांवर आला तो ३० जुलैला. ज्यांची घरं त्या रात्री गेली त्यांना हा मसुदा वाचता आला नाही. बाकी सगळ्यांना हरकती आणि सूचना पाठवायला साठ दिवस मिळाले.

पाण्याचा विषय काही मंडळी विनाकारण काढतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्या तिथूनच निघतात असं आपण मानतो. तरी एप्रिल लागला की आसपासच्या वाड्यांवरच्या बायका झऱ्याशी हंड्यांची रांग लावून बसतात, आणि नेमका तोच सीझन असतो. टँकर घाट चढून येतो आणि हॉटेलच्या फाटकातून आत वळतो. पाहुण्याला आधी वाढावं, घरच्यांनी मागून बसावं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि वाड्यांनी ती अजून मोडलेली नाही.

हॉटेलंही पाण्याची किंमत जाणतात. बाथरूममध्ये आरशाखाली एक छोटं कार्ड ठेवलेलं असतं, त्यावर हिरवं पान छापलेलं. ‘पाणी अमूल्य आहे. टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर टांगून ठेवा.’ पाहुणा कार्ड वाचतो, टॉवेल नीट घडी करून दांडीवर टांगतो आणि पृथ्वीसाठी काहीतरी केल्याच्या समाधानात खाली उतरतो. खाली इन्फिनिटी पूल असतो. त्याचा पलीकडचा काठ दिसू नये अशी रचना असते, त्यामुळे पाणी थेट दरीत मिसळल्यासारखं वाटतं. बाजूला दुपारी चार ते सहा रेन डान्स. डोक्यावरच्या नळ्यांतून पाऊस पडतो, डीजे वाजत असतो. जुलैतला पाऊस कोणाला कधी सोयीचा होता? त्या दिवसांत घाटात दरडी येतात, धुकं असतं, व्ह्यू दिसत नाही. तो पाऊस मे महिन्यात, ठरलेल्या वेळी आणि तिकिटात धरून मिळू लागला, हे मोठंच काम झालं.

हे पाणी पुढे जातं कुठे, असंही कोणी विचारील. डोंगरमाथ्यावर जांभा आहे. जांभा सच्छिद्र. वर शोषखड्ड्यात जे मुरतं ते खाली कुठल्यातरी झऱ्याला लागतं, झरा ओढ्याला, ओढा कृष्णेला. पाहुणा रविवारी घरी जातो, पण त्याच्या मुक्कामाचा अंश धोम धरण ओलांडून वाईच्या घाटापर्यंत पोचतो. तिथे पहाटे आचमन करणाऱ्या माणसाशी त्याचं जे नातं जुळतं, ते दोघांनाही आयुष्यभर कळत नाही.

कासचं उदाहरण लहान आहे, पण बोलकं आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत घेतल्या. महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. यादी करणाऱ्यांना ती जपायच्या जागांची यादी वाटली. आपण ती राहायच्या जागांची यादी म्हणून वाचली, आणि आपलं वाचन जास्त व्यवहारी ठरलं. कासच्या कातळावर मातीचा थर जेमतेम, त्यावर पावसाळ्याअखेरीस काही आठवडे रानफुलांचे गालिचे. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. शनिवार-रविवारचा पॅकेजवाला पाहुणा सात वर्षं थांबणार कसा? त्याच्यासाठी रस्त्याकडेच्या रिसॉर्टांनी विकतचं लॉन अंथरलं आहे, ते बाराही महिने हिरवं असतं.

समुद्राने तर आपल्यासाठी स्वतःहून पावलं टाकली. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गावांकडच्या मोकळ्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई होती. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांसाठी हे अंतर ५० मीटर करण्याची वाट मोकळी केली. समुद्र १५० मीटर जवळ आणण्यासाठी एक घमेलं वाळूही हलवावी लागली नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, सुरूची बनं आडवी झाली, नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. बागाईतदाराची पंचवीस वर्षांची मेहनत एका दुपारी गेली. पण जिथे सुरू आड यायचा तिथून आता समुद्र स्पष्ट दिसतो, आणि ‘सी फेसिंग’ म्हणायला जागा वाढली.

ही कल्पना पूर्णत्वाला गेली ती मात्र हिमालयात. जोशीमठ जुन्या भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे, तिथे जड बांधकाम नको, असं मिश्रा समितीने १९७६ मध्ये सांगून ठेवलं होतं. त्यानंतरही तिथे हॉटेलं उभी राहिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यातली दोन एकमेकांकडे झुकली. शेवटी ती उतरवावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये बियास नदीने कुलू-मनालीत काठावरच्या इमारती नेल्या. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जे दाखवलं होतं ते पाहुण्याला बघायला बाहेरही यावं लागलं नाही. नदी खोलीपर्यंत आली. पुढच्या सीझनला त्याच काठावर पुन्हा बुकिंग सुरू झालं, त्यावरून आपल्या समाजाची उमेद दिसते.

तेव्हा दिवाळीच्या बुकिंगला उशीर करू नये. फोनवर व्ह्यू विचारावा, पूल किती ते किती उघडा असतो ते विचारावं, नाश्त्यात डोसा काउंटर आहे का तेही विचारावं. जमीन एनए आहे का, परवानगी कशाच्या नावाने घेतली, पाणी कुठल्या विहिरीचं, सांडपाणी कुठे सोडता, पाठीमागचा डोंगर किती कापला, गेल्या पावसाळ्यात काय झालं, असले प्रश्न काढून घरच्यांसमोर मालकाला अवघडात टाकू नये. बाजारपेठेत काही जुनी लॉजं अजून तग धरून आहेत. त्यांच्या खिडकीतून समोरच्या चिक्कीच्या दुकानाची पाटी दिसते, भाडं निम्मं असतं, पॉईंट चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, आणि ऐन दिवाळीतही एखादी खोली मिळून जाते. त्यांची नावं कोणाला सांगू नयेत. उद्या सगळेच तिथे उतरायला लागले, तर दरीकाठच्या एवढ्या खोल्यांचं करायचं काय?