आपल्याकडेही आहे

पेरूला जाणार असं जाहीर केल्यापासून निघेपर्यंत सोसायटीतल्या अकरा जणांनी मला एकच विनोद ऐकवला : "तिखट-मीठ बरोबर न्या हं!" पहिल्या तिघांना मी मनापासून हसले. पुढच्या आठांना नुसते दात दाखवले.

विनोद सहन करायची मला सवय आहे, कारण आमच्या घरी एक वाक्य गेली छत्तीस वर्षं सहन होतंय. आमचे हे इमारतींच्या बांधकामावर आयुष्य घालवलेले इंजिनिअर. जगात कुठेही न्या, समोर काहीही दाखवा, ते एकच म्हणणार : "हे आपल्याकडेही आहे." व्हेनिसला नावेत बसल्या बसल्या म्हणाले, "जुलैत मुंबईत आपल्या हिंदमाता चौकात हेच असतं. तिकीटही नाही." नावाडी बिचारा गाणं म्हणत होता.

आता मुक्काम कुस्कोला, इंकांच्या जुन्या राजधानीत. गाव 3,400 मीटरवर. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी कुस्को शंभरेक मीटर वरच उरतं. हॉटेलात शिरताच हातात कोकाच्या पानांचा चहा आला. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून तिथे तो सगळेच पितात. ह्यांनी नाकारला. "आपण सह्याद्रीतली माणसं!" पहिल्या जिन्याच्या सातव्या पायरीवर सह्याद्री थांबला. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही, जरा बघतोय," म्हणाले. समोर आग विझवायचं नळकांडं होतं. ते त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि खाली येऊन दोन कप चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी गाइड आला. बुटका, हसरा, छातीचा भाता लोहाराचा असावा तसा. चढावर तो अखंड बोलायचा आणि आम्ही सपाटीवरही मुके. सगळ्या घोळक्याला तो "फॅमिली" म्हणायचा. "कम ऑन, फॅमिली!" आमच्या ह्यांच्या पिढीत फॅमिली म्हणजे बायको. पहिल्या हाकेला त्यांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि गाइडकडे असं पाहिलं, की त्या बिचाऱ्याला वाटलं, ह्यांना हवा लागली.

मग भिंती सुरू झाल्या. सॅक्सायवामानचे दगड बघून मान दुखते. काही शंभर टनांच्या वर आहेत. आणि ते रचणाऱ्यांकडे ना लोखंड, ना चाक, ना बैल. ओझ्याचं जनावर एकच, लामा. तो पंचवीस-तीस किलोपर्यंत सोसतो. जास्त लादलं, की खाली बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. "हे आपल्याकडेही आहे," असं ह्या वेळी मीच म्हटलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं.

गावात हातुन रुमियोक नावाच्या गल्लीत एका भिंतीत बारा कोनांचा दगड आहे. आजूबाजूचे दगड त्याच्या प्रत्येक कोपऱ्याशी असे जुळवलेत, जसा एखादा समंजस जावई सासरच्या प्रत्येकाशी जुळवून घेतो. मध्ये चुना नाही, काही नाही. गाइड म्हणाला, "या फटीत कार्डसुद्धा जात नाही." इंजिनिअर माणसाला असं सांगू नये. ह्यांनी बँकेचं कार्ड काढून हात पुढे केला, तोच रखवालदाराची शिट्टी वाजली. सगळी गल्ली आमच्याकडे बघायला लागली. कार्ड परत पाकिटात गेलं. आमच्या बाथरूमच्या टाइल्स ह्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतल्यात. त्यांच्या फटींत झुरळांचं एकत्र कुटुंब नांदतं. पण परक्या मुलुखात नवऱ्याचा पाणउतारा करू नये, म्हणून मी गप्प बसले.

जवळच कोरिकांचा, इंकांचं सूर्यमंदिर. स्पॅनिश लोकांनी त्याच्यावरच मठ आणि चर्च चढवलं. 1950 साली मोठा भूकंप झाला. वरचं स्पॅनिश बांधकाम ढासळलं, खालच्या इंका भिंती जागच्या हलल्या नाहीत. हे सांगताना गाइडच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, ते मी माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर पाहिलंय, माझा पहिला उकडीचा मोदक फुटला तेव्हा.

जगातले सगळे गाइड एकाच गुरूचे चेले असावेत. प्रत्येकाला दगडात प्राणी दिसतो. "हा पुमा. हे त्याचं डोकं, ही शेपटी. दिसतोय?" सगळे म्हणाले, "येस!" मला दगड दिसत होता. पुढे कोंडोर गिधाड, मग डोंगरात एका देवाचा चेहरा. मी लग्नाआधी मुलाच्या फोटोत 'हुशारीची चमक' पाहिली होती, त्याच निष्ठेनं मान डोलावत राहिले.

इंकांना लिपी नव्हती. एवढ्या साम्राज्याची शिरगणती आणि कोठारांचा हिशेब दोरांना गाठी मारून ठेवायचे. त्या दोरांना म्हणायचं 'कीपू'. किती गाठी, कशी गाठ, दोर कुठल्या रंगाचा, सगळ्याला अर्थ. ह्यांना ही संधी सुटणार नव्हती. "खूणगाठ! आपल्याकडेही आहे!" गाइडनं नम्रपणे विचारलं, "तुम्हीही गाठींत हिशेब ठेवता?" हे म्हणाले, "ही ठेवते. 1989 पासूनचा आहे."

तिसऱ्या दिवशी ओयांतायतांबो. इथे मांको इंकानं 1537 मध्ये स्पॅनिश फौजेला माघार घ्यायला लावली. गाइड लढाई सांगत होता, माझं लक्ष पायऱ्यांवर होतं. किती होत्या हे विचारू नका, मी चाळिसाव्या पायरीला मोजणं आणि आशा दोन्ही सोडलं. पण वर पोचल्यावर जे कळलं, त्यानं श्रम फिटले. इथले प्रचंड गुलाबी दगड नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणले. काही वाटेतच राहून गेले, ते अजून तिथेच पडलेत. लोक त्यांना 'दमलेले दगड' म्हणतात. केवढी माया आहे या नावात! आपल्याकडे अर्धवट राहिलेल्या कामाला ठेकेदार पळाला म्हणतात. इथे म्हणतात, दगड दमला. मी तिथेच एका पायरीवर बसले आणि गाइडला सांगून टाकलं, "यादीत आणखी एक लिहा."

शेवटी माचू पिच्चू. गंमत म्हणजे हे गाव 2,430 मीटरवर, कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. रेल्वेनं उतरायचं, मग बसनं वळणं घेत चढायचं. आत एकदा शिरलं की ठरलेल्या वाटेनं पुढेच जायचं, मागे फिरणं नाही. आणि स्वच्छतागृह फक्त दाराबाहेर, पैसे देऊन. साठीच्या माणसाला या दोन नियमांपुढे इतिहास फिका वाटतो.

1911 साली हायरम बिंगम या अमेरिकन प्राध्यापकानं हे 'शोधून काढलं', असं शाळेत शिकवतात. तो पोचला तेव्हा इथे शेतकरी कुटुंबं राहत होती. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि एक लहान मुलगा बरोबर दिला वाट दाखवायला. त्याच्याही आधी, 1902 मध्ये, लिसारागा नावाचा तिथलाच एक शेतकरी येऊन कोळशानं भिंतीवर आपलं नाव आणि साल लिहून गेला होता. हे ऐकून ह्यांचे डोळे लकाकले. सिंहगडापासून सिंधुदुर्गापर्यंत बदामात कोरलेली सगळी नावं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावीत. "आपल्याकडेही—" ते सुरू झाले. मी कोपरानं ढोसलं. काही गोष्टी आपल्याकडे आहेत हे जगाला सांगू नये.

मग गाइडनं जमिनीकडे बोट दाखवलं. "जे दिसतं ते अर्ध्याहून कमी. खरं काम खाली आहे. पाया, खडीचे थर, पाण्याच्या वाटा. इतका पाऊस पडतो, पण आजही निचरा होतो." हे खाली वाकले. एका चरात बोट घालून पाहिलं, हिरवळीच्या पायऱ्यांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मी वाट बघत राहिले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य आलं नाही. हिंदमाता आठवला असणार.

खाली उतरून जेवायला बसलो आणि मला आठवलं, आज आषाढी एकादशी. गाइडला म्हटलं, माझा उपवास आहे, मला जेवण नको. तो घाबरला. त्याला वाटलं, मी रागावले. मग मी समजावलं, तसं नाही, आमच्यात उपवासाला काही ठरावीक पदार्थ चालतात. "कोणते?"

"बटाटा," मी म्हटलं.

तो हसला. "आमच्याकडेही आहे." त्याच्या देशात बटाट्याचे 3,000 हून जास्त प्रकार आहेत. बटाटा जगात गेला तोच या डोंगरांतून.

"शेंगदाणे."

"तेही आमच्या खंडातले."

"रताळं. साबुदाणा." साबुदाणा म्हणजे काय हे सांगताना कसाव्याच्या कंदापर्यंत पोचले आणि त्यानं नुसती मान हलवली. तोही तिकडचाच. "आणि राजगिरा," मी हळूच म्हटलं. तो उठून बाहेर गेला आणि टपरीवरून एक वडी घेऊन आला. ते धान्य 'कीविचा', आपल्या राजगिऱ्याचं सख्खं भावंड, लाह्या मधात घोटून केलेली. मी तुकडा मोडला. आळंदीला मिळते ती चिक्कीच!

तीन दिवस 'आपल्याकडेही आहे' ऐकून घेतलेला तो माणूस खुर्चीत आरामात रेलून बसला. "म्हणजे मॅडम," तो म्हणाला, "देवासाठी तुम्ही तुमचं जेवण सोडता आणि आमचं जेवता?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. आमच्या आज्या-पणज्यांनी फराळ म्हणत गेल्या काही शतकांत कधीतरी परक्या जहाजांतून उतरलेल्या या पाहुण्यांना सोवळ्यात घेतलं आणि त्याचा पत्ताही कुणाला लागला नाही. "दही आणि वरी तेवढी आमची," हे पुटपुटले. त्या वाक्यात नेहमीचा जोर नव्हता. पण माझ्या पुढ्यात वाफाळते पिवळे, जांभळे, लाल बटाटे आले आणि ते म्हणाले, "मीही आज उपास करतो."

परत आल्यावर ह्यांनी पहिलं काम केलं ते बाथरूममध्ये. कार्ड टाइलच्या फटीत सहज गेलं. बाहेर आलं नाही. बँकेत दुसऱ्यासाठी अर्ज केलाय.

पुढच्या एकादशीला शेजारचे काका आले. "काय, पेरू कसा होता? तिखट-मीठ नेलं होतंत ना?"

मी सांगितलं, तिखट न्यायची गरज नव्हती, मिरचीसुद्धा तिकडचीच. आणि साबुदाण्याच्या खिचडीची वाटी पुढे केली. "चाखून तुम्हीच सांगा."