नोडबुवा

बोईसर स्टेशनजवळच्या एका गल्लीत आठ बाय दहाचा गाळा आहे. दारावर ‘रेडियम, नंबर प्लेट, स्टिकर’ अशी पाटी. आत एक कॉम्प्युटर, एक कटिंग प्लॉटर आणि नोडबुवा. खरं नाव बहुधा त्यांच्या आधार कार्डालाच ठाऊक. चहा गिऱ्हाइकाने सांगायचा, हा गाळ्याचा नियम.

तारापूर एमआयडीसीतला सुपरवायझर धापा टाकत येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर चौघांकडून फिरून आलेला, टपाल तिकिटाएवढा जेपीजी पुढे करतो. बुवा चष्मा कपाळावर चढवतात.

“हा लोगो आहे की पावावरची बुरशी?”

“ऑटो ट्रेस मारा ना, कॉम्प्युटरच रेघा काढेल. साहेबांची गाडी उभी आहे.”

झालं! बुवांपुढे ऑटो ट्रेसचं नाव काढणं म्हणजे कीर्तनात शिट्टी मारणं. ते मुद्दाम ट्रेस मारतात, एफ-१० दाबतात आणि स्क्रीनवर रेघेवरच्या ठिपक्यांची, म्हणजे नोडची, मुंग्यांसारखी रांग उठते.

“बघा! एका ‘ओ’ला सत्त्याऐंशी नोड. गोलाला लागतात किती? चार! प्रत्येक नोडला ब्लेड अडखळणार, मग म्हणणार बुवांचं कटिंग खराब.” मग तांदळातले खडे निवडावेत तसे ते एकेक नोड वेचून काढतात. “रेनो कंपनीतल्या बेझिए साहेबांनी साठच्या दशकात हे कर्व्ह वापरले ते मोटारीच्या पत्र्याला वळण द्यायला. आणि तुम्ही मोटारीवरच वाकडा ‘ओ’ चिकटवणार?”

तारापूरला १९६९पासून अणुवीज तयार होते. गाळ्यातली लाईट मात्र फाईल सेव्ह करायच्या आधी जाते. तेव्हाही बुवा अंधारात बोटाने हवेत कर्व्ह ओढत बसतात.

घरीही तेच. पुतण्याचं लग्न ठरतंय म्हटल्यावर विचारतात, “मुलीकडून होकार आला? नाही? मग पाथ उघडा आहे, रेघेची टोकं जुळलेली नाहीत. उघड्या पाथमध्ये रंग भरत नाही. हॉलला ॲडव्हान्स देऊ नका.”

परवा डहाणूकडचा एक टेम्पोवाला आला. मागच्या फळीवर तारपा नाच हवा होता. बुवांनी वारली माणूस काढला: अंगाला टोकाला टोक लावून दोन त्रिकोण. “सहा नोड!” ते छाती फुगवून म्हणाले. “याहून कमी कोणी करून दाखवावं.”

टेम्पोवाल्याचे म्हातारे वडील बाकावर बसले होते. ते उठले आणि काउंटरवरच्या धुळीत बोट टेकवलं. वर एक आडवी रेघ, तिथून तिरकी खाली, खाली आडवी, पुन्हा तिरकी वर, जिथून निघाले तिथे. बोट एकदाही उचललं नाही. मधे रेघा एकमेकींना छेदून गेल्या आणि कंबर आपोआप झाली.

बुवा वाकले. ओठ हलले. पुन्हा मोजलं.

“चार,” ते पुटपुटले. “आणि पाथ बंद.”

मग उठून गल्लीत डोकावले आणि ओरडले, “ए पोऱ्या, तीन चहा! माझ्या खात्यावर!”